विकायचं की थांबायचं? आधी शेअर सर्टिफिकेट उलटून बघा

कोथरूडमधल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ५८, यजमान ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. राहता फ्लॅट दोन बेडरूमचा, सासऱ्यांनी १९८७ मध्ये घेतलेला, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही आणि ताईंचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. सोसायटीत दोन वर्षं पुनर्विकासाची चर्चा चालू आहे. यजमानांचं म्हणणं, ‘ही चर्चा आपल्या हयातीत संपणार नाही, हा फ्लॅट विकू आणि पुनावळ्यात नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर घेऊ.’ बुकिंग चालू आहे, दलाल टोकनसाठी मागे लागला आहे. मुलगा बंगळूरला असतो. तो फोनवर सांगतो, ‘अजिबात विकू नका, पुनर्विकासात फुकटात मोठं घर मिळेल.’ ताईंना कोथरूड सोडवत नाही आणि जिना झेपत नाही. ‘विकावं की थांबावं?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय: ‘फ्लॅटला कायदेशीर अडचण काही नाही. सासरे २०१४ मध्ये गेले, त्यांनी यांनाच नॉमिनी केलं होतं. मृत्युपत्र वगैरे नव्हतं. सासूबाई २०१९ मध्ये गेल्या, त्यांचंही नव्हतं. नणंद साताऱ्याला असते, तिचं कधी काही म्हणणं नसतं.’

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणारच आहे, पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या शेवटच्या चार ओळींपासून सुरुवात करावी लागेल. अडचण नाही असं तुम्ही म्हणता तिथेच ती आहे. आणि ती सोडवल्याशिवाय विकताही येणार नाही आणि पुनर्विकासाच्या करारावर सहीही करता येणार नाही.

नॉमिनी म्हणजे मालक, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. सोसायटीच्या ऑफिसातही तसंच सांगतात. कायदा तसं म्हणत नाही. सभासद गेल्यावर सोसायटीने कोणाशी व्यवहार ठेवायचा, मेंटेनन्स कोणाकडून घ्यायचा, तेवढ्यापुरता नॉमिनी. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं, त्यात तर हे स्वच्छ लिहिलंय: वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद.

मग मालक कोण? हिंदू कुटुंबात, मृत्युपत्र नसेल तर १९५६ चा वारसा कायदा लागू होतो. सासरे गेले तेव्हा सासूबाई, तुमचे यजमान आणि नणंद असे तीन सारखे वाटे झाले. सासूबाई गेल्यावर त्यांचा वाटा दोन्ही मुलांकडे निम्मा निम्मा गेला. म्हणजे आज तुम्ही राहता त्या फ्लॅटचा अर्धा भाग नणंदेचा आहे. तिने मागितला नाही म्हणून तो नाहीसा होत नाही.

हे वाचून घरात दोन वाक्यं हमखास येतील. एक, ‘मुलींना हक्क २००५ नंतर मिळाला, बाबांनी घर त्याआधी घेतलंय.’ २००५ ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दल आहे. वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतलेल्या घरात मुलीचा वाटा १९५६ पासूनच आहे. दुसरं, ‘तिच्या लग्नात बाबांनी भरपूर खर्च केला.’ केला असेल. वाटा ठरवताना कायदा तो हिशेब धरत नाही.

आता एक काम करा. कपाटातून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढा आणि उलटं करा. मागच्या बाजूला हस्तांतरणाचा तक्ता असतो: तारीख, कोणाकडून कोणाकडे, नोंदवहीतला क्रमांक आणि खाली अध्यक्ष, सचिव, समिती सदस्य यांच्या सह्या. बऱ्याच घरांत हा तक्ता कोराच असतो, वडील जाऊन दहा-दहा वर्षं झाली तरी. तुमच्याकडे यजमानांचं नाव चढलेलं असेल, तर ते कशाच्या आधारावर चढलं हे सचिवांना विचारा. नुसत्या नामनिर्देशनावर चढलं असेल तर त्याने नणंदेचा वाटा जात नाही. लाइटबिल आणि महापालिकेच्या टॅक्सची पावती यजमानांच्या नावावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. तुमच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं तर ते बहुधा कर्ज काढणार, आणि त्याच्या बँकेचा वकील पहिल्याच भेटीत विचारणार: १९८७ चा नोंदणीकृत करारनामा कुठे आहे, मृत्यूचे दाखले कुठे आहेत, बाकीच्या वारसांच्या सह्या कुठे आहेत. पुनर्विकासात बिल्डरचा वकीलही हेच विचारतो.

मार्ग तीन आहेत. नणंद आपखुशीने हक्कसोडपत्र करून देते, हा पहिला. ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं, स्टँप पेपरवर नोटरी करून भागत नाही. विनामोबदला असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. हक्क फक्त सहहिस्सेदाराच्या नावे सोडता येतो, म्हणजे नणंद भावाच्या नावे सोडू शकते, तुमच्या नावे नाही. पैसे घेऊन हक्क सोडणार असेल तर शुल्काचा हिशेब बदलतो, तो वकिलाकडून आधी काढून घ्या. दुसरा मार्ग, दोघांनी मिळून फ्लॅट विकायचा, खरेदीखतावर दोघांच्या सह्या आणि पैसे दोघांच्या खात्यात. तिसरा, फ्लॅट दोघांच्या नावावर करून ठेवायचा आणि पुनर्विकासात मिळेल त्यातही दोघांचा वाटा ठेवायचा. बोलणं फिसकटलं तर दिवाणी न्यायालय आहेच, पण ती पायरी येऊ नये.

‘तिचं कधी काही म्हणणं नसतं’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, तिला कधी कोणी विचारलंय का? नसेल तर तिचं म्हणणं काय आहे हे तुम्हाला ठाऊकच नाही. यजमानांना साताऱ्याला पाठवा, पण सह्या घ्यायला नाही, बोलायला. भाऊबीजेच्या ताटाशेजारी कागद सरकवणारे भाऊ असतात. बहीण सही करते आणि पुढच्या दिवाळीला येत नाही. कागद तिला आधी वाचायला द्या, तिच्या नवऱ्याला, मुलांना दाखवू दे, हवा तर तिचा वकील बघू दे. तिने वाटा मागितला तर ती लोभी आणि सोडला तर ती थोर, असं काही नसतं. तिच्याही घरात गुडघे आहेत, मुलांची शिक्षणं आहेत.

आता पुनावळ्याचा हिशेब. आकडे मी धरून चाललेय, तुमचे घालून बघा. समजा कोथरूडचा फ्लॅट ९० लाखांना गेला. नणंदेने वाटा घेतला तर तुमच्या हातात ४५. समजा नवा फ्लॅट १ कोटीचा. बांधकाम चालू आहे, म्हणजे ५ टक्के जीएसटी, ५ लाख. पुनावळे पिंपरी-चिंचवडमध्ये येतं, तिथे मुद्रांक शुल्क पुण्यासारखंच सगळं मिळून ७ टक्के, ७ लाख. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे घरात पाऊल ठेवण्याआधी १२ लाख ३० हजार. दलाली, सोसायटीची ठेव, फर्निचर, ग्रिल, पडदे हे वेगळं. खरेदी फक्त तुमच्या एकटीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. यजमानांचं नाव जोडलं की ती जाते. नणंदेने सगळा हक्क सोडला तरी वरचे २२-२३ लाख कुठून आणणार? ६३ व्या वर्षी बँक कर्ज देताना परतफेडीची वर्षं मोजकीच धरते. यजमान स्वतः बँकेत होते, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. निवृत्तीच्या रकमेला हात लावायचा त्यांचा विचार असेल, तर तो आत्ताच मोकळेपणाने बोलून घ्या.

शिवाय ते घर आज तयार नाही. गुडघे आज दुखतात. ताब्याची तारीख दलालाच्या तोंडची धरू नका. महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका, तिथे मंजूर नकाशे, पूर्णत्वाची घोषित तारीख, ती आधी वाढवून घेतलीय का, जमिनीवर कर्ज किती, कोर्टकज्जे कुठले, हे सगळं दिसतं. फ्लॅटचा आकार कार्पेट क्षेत्रातच मागा, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. जिना-लॉबीसकट फुगवलेला ‘सेलेबल’चा आकडा ऐकू आला की वही मिटा. आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेताच येत नाही, हे २०१६ च्या रेरा कायद्यातच आहे. ‘रविवारपर्यंतच हा दर’ असं सांगणाऱ्याला पुढच्या रविवारीही तोच दर द्यावासा वाटतो. टोकन देऊ नका. निदान नणंदेशी बोलणं होईपर्यंत तरी नाहीच.

पाण्याचंही बघा. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी आहे, आणि पुनावळे, ताथवडे, वाकडच्या मोठ्या सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर लागतात. त्यांचा खर्च मेंटेनन्समधूनच निघतो. तिथल्या तयार झालेल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी अर्धा तास उभ्या राहा, टँकर दिसतील की नाही ते कळेल. वॉचमनला विचारलंत तर तो किती टँकर येतात तेही सांगेल. चौदाव्या मजल्यावरून सिंहगड दिसेलही, पण लिफ्ट बंद पडली तर चौदा मजले. तुमचे तीन आहेत.

आता चिरंजीवांचं ‘फुकटात मोठं घर’. पुनर्विकास ही खरंच चांगली गोष्ट ठरू शकते, कोथरूडमध्ये कितीतरी इमारतींना नवी लिफ्ट आणि पार्किंग त्यातूनच मिळालं. पण ‘चर्चा चालू आहे’ हा टप्पाच नव्हे. तुमच्या सचिवांना तीन गोष्टी विचारा. पहिली, जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढून आणा, तिच्यावर अजून मूळ मालकाचं किंवा बिल्डरचं नाव असेल तर अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून देणं, झालेलं नाही. बिल्डर दाद देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा, अर्ज करता येतो, पण तेच अजून व्हायचं असेल तर बाकी चर्चा चहापुरती. दुसरी, समोरचा रस्ता महापालिकेच्या नोंदीत किती मीटरचा आहे? ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, मग बिल्डरला विकायला जादा फ्लॅट उरत नाहीत आणि तुम्हाला जादा कार्पेट द्यायला त्याच्याकडे काही नसतं. कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये गाडी इथेच अडते. तिसरी, प्रकल्प सल्लागार नेमलाय का, त्याचा व्यवहार्यता अहवाल आहे का?

ही तिन्ही उत्तरं चांगली आली तर पुढचा रस्ता ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात आखून दिलेला आहे. विकासक निवडण्याच्या सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, निबंधकांचा प्रतिनिधी, व्हिडिओ चित्रीकरण, आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती. बिल्डरने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी द्यायची असते. ती द्यायला कुरकुर करणाऱ्या बिल्डरवर विश्वास टाकू नका, मग तो कितीही ओळखीतला असो. बांधकामाची मुदत दोन वर्षं, फार तर तीन, असं नियमात आहे, पण त्याआधीच्या सभा, निविदा, परवानग्या यांना जो वेळ लागतो तो कोणी मोजत नाही. घर रिकामं करायचं ते विकसन करार नोंदल्यावर, बांधकामाचा परवाना आल्यावर आणि तुमच्या स्वतःच्या नव्या फ्लॅटचा वेगळा करार नोंदल्यावरच. तो करार यजमानांच्या नावे व्हायचा असेल तर पुन्हा नणंदेची सही आलीच.

आणि आता ज्या पर्यायाबद्दल पत्रात तिघांपैकी कोणीच बोललेलं नाही: भाड्याने राहणं. ‘या वयात भाड्याच्या घरात?’ हा तुमच्या तोंडचा प्रश्न मला इथे ऐकू येतोय. पण दुखणं जिन्याचं आहे, घराच्या मालकीचं नाही. कोथरूडमध्येच, तुमच्या भाजीवालीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लिफ्टच्या इमारतीत किंवा तळमजल्यावर घर भाड्याने घ्या आणि स्वतःचा फ्लॅट भाड्याने द्या. तिसऱ्या मजल्याला विद्यार्थी सहज चढतात. तुमचं भाडं थोडं कमी येईल, तिकडे थोडं जास्त द्यावं लागेल, आणि जो फरक पडेल तो लिफ्टचा खर्च समजा. वरच्या १२ लाखांशी ताडून बघितलंत तर कित्येक वर्षं निघतील. पुनर्विकास सुरू झाला तर तुम्ही आधीच बाहेर पडलेल्या असाल, बिल्डर भाडं देईल ते वेगळं. आणि पुढे विकायचं ठरलं तरी ती दारं उघडीच राहतात.

यातही कागद आहेतच. लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घेणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. हल्ली हे घरबसल्या ऑनलाइन होतं. सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावेल, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. पुणे महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला जी ४० टक्के सवलत आहे ती भाड्याने दिल्यावर मिळत नाही, तेही हिशेबात धरा. अर्धं घर नणंदेचं असताना भाडं एकट्याने खाणं बरं दिसत नाही, म्हणून हेही तिच्या कानावर घाला.

जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट बसवता येते, तेही विचारून बघा. मात्र पुनर्विकासाचं नाव निघालेल्या सोसायटीत त्या खर्चाला कोणी हो म्हणत नाही. तळमजल्यावरचे तर मुळीच नाही.

तर माझं मत असं. पुनावळ्याचं आत्ता सोडून द्या. आधी मालकीचे कागद नीट करा, दोन-चार महिन्यांचं काम आहे. त्याचबरोबर लिफ्टचं भाड्याचं घर बघायला लागा, ते कागदांसाठी थांबवू नका. आणि पुनर्विकासाला एक मुदत द्या, साधारण दीड वर्ष. तोवर जमीन सोसायटीच्या नावावर आणि सल्लागार नेमलेला, एवढं झालं तर थांबा. नाही झालं तर यजमान म्हणतात ते खरं समजून विका आणि कोथरूड-कर्वेनगरमध्येच लिफ्टचं तयार घर घ्या. दीड बेडरूमचं चालेल. मुलगा वर्षातून किती दिवस येतो आणि त्याच्यासाठी दुसरी बेडरूम किती लाखांची पडते, हे एकदा कागदावर मांडा. भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण, राहायला परवानगी असा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही, हाही फायदा.

विकायचं झालंच तर आयकराचं थोडक्यात. वारसाने आलेल्या घराला मूळ खरेदी किंमत सासऱ्यांची धरतात, आणि घर २००१ च्या आधीचं असल्याने १ एप्रिल २००१ ची रास्त किंमत घेता येते. नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून तो दाखला आधीच घ्या. कर १२.५ टक्के, किंवा जुन्या मिळकतीला महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातला जो कमी पडेल तो. नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतलं तर नफ्यावरचा कर वाचतो. मधल्या काळात पैसे साध्या एफडीत ठेवून विवरणपत्राची तारीख उलटू देऊ नका, त्यासाठी बँकेत कॅपिटल गेन खातं वेगळं असतं. नणंद सहविक्रेती असेल तर तिच्या वाट्याचा कर आणि सवलत तिची.

आणि मालकी एकदा यजमानांच्या नावावर आली की तुम्ही दोघांनी मृत्युपत्र करा. नुसता नॉमिनी लावून सोडू नका, नाहीतर हेच सगळं पुढे तुमच्या मुलाला करावं लागेल. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, साध्या कागदावरही चालतं, नोंदवलं तर उत्तम. दोन साक्षीदार हवेत, ज्यांना त्यात काही मिळणार नाही असे, आणि शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान.